आतली दुमड

"माप कशाला घेतेस? मागच्या वर्षीचंच आहे की," चिमी हात वर करून म्हणाली.

"वटवट नको. सरळ उभी राहा."

आईने खांद्यापासून टेप सोडली. माप मागच्या वर्षीचंच होतं. खडूची रेघ मात्र तिने चांगली चार बोटं खाली ओढली. कपडा अंगापेक्षा मोठा बेतायचा, जास्तीचं कापड कच्च्या टाक्यांनी आत दुमडायचं, पोर वाढलं की उसवून सोडायचं. अख्ख्या गल्लीची पोरं या बाईच्या दुमडींवर मोठी झाली होती. चिमीच्या किडन्या अधू निघाल्या, औषधं मागे लागली, उंची खुंटली. धाकटा भाऊ बघता बघता तिच्या डोक्यावरून गेला. कपाटात तिच्या जुन्या फ्रॉकांच्या दुमडी तशाच होत्या, आतून कोऱ्या करकरीत.

खाटेवर काजं करत बसलेल्या नणंदेला राहवलं नाही. "वहिनी, नवं कापड कशाला फाडतेस? धाकट्याचा आखूड झालेला शर्ट होईल की हिला."

"थोरलीचं धाकट्याला जातं, वन्सं. उलटं नाही."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

"बोलणाऱ्याचं काय जातं!"

चिमी दोघींकडे बघत होती. "आई, या वेळी दुमड नको ना ठेवूस."

"का गं?"

"जड होतं. आणि मुली विचारतात, कुणाचा घालून आलीस?"

"मग पुढच्या वर्षी काय घालशील?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. मला आत्ता घालायचाय."

आईने खडूची रेघ झटकली आणि चार बोटं वर नवी ओढली. मग कात्री उचलली. जास्तीच्या कापडाची पट्टी खाली पडली.

शिवून झाल्यावर फ्रॉक अंगावर बेतशीर बसला. चिमीने आरशासमोर गिरकी घेतली. "आत्या, बघ! माझाच वाटतो!" आणि शेजारी दाखवायला पळाली.

"दे ती पट्टी, मशीन पुसायला होईल," नणंद म्हणाली.

आईने ती दिली नाही. पट्टी मांडीखाली सारली आणि धाकट्याची नवी पँट मशीनवर घेतली. पायाची दुमड आत वळवली आणि तिच्यावर पक्की टीप मारली. त्या टिपेवर दुसरी. मग तिसरी.

"अगं, पुढे उसवायची कशी ती?"

मशीन थांबलं नाही.