बापूंच्या नाकाचं तिकीट

"मार्तंडराव, यावर ठसा न्हाई ना पडला कुठं?" वकीलसाहेबांनी भिंगातून डोळा न काढताच विचारलं.

"बिलकुल न्हाई. तिकीट निघालंच न्हाई, तर ठसा कुठून पडंल?"

मार्तंड जालन्याच्या टपाल कचेरीत वीस वर्षं तिकिटांवर ठसे मारत होता. हैदराबादच्या गादीवर हुजूर बसल्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्याला हौस आली. हुजूरांच्या चेहऱ्याचं बोटाच्या पेराएवढं तिकीट रंगवून त्याने हैदराबादला धाडलं. नमुना नामंजूर होऊन परत आला. होणारच होता, नाक काही केल्या हुजूरांचं जमलं नव्हतं, ते थेट त्याच्या सासऱ्यांचं उतरलं होतं. त्याची बायको शैला तेव्हा पोट धरून हसली होती.

हैदराबादच्या या वकिलांना मात्र असल्या न निघालेल्या तिकिटांचंच वेड.

"निघालेलं तिकीट हजार जणांकडं असतं. हे माझ्या एकट्याकडं राहील. पण कोरं पाहिजे. ठसा पडला की मंग माझ्या कामाचं न्हाई. उद्या कचेरीत येतो, म्हणाल तो दाम देतो."

ते गेल्यावर शैला कपबशा उचलू लागली.

"देऊन टाका. छत गळून राह्यलंय," ती म्हणाली. "फक्त एकडाव बघू द्या."

तिचे वडील, बापू, यंदा पोळ्याच्या आधीच वारले होते. नाक मोठं दिसतं म्हणून त्यांनी जन्मात फोटो काढू दिला नव्हता. शैला बघत राहिली, हसली आणि हसताहसताच तिचे डोळे भरले. मार्तंडने तिकीट जपून खिशात ठेवलं.

सकाळी कचेरीत त्याने तो नमुना एका पाकिटावर डकवला. सरकारला बुडवायचं नाही म्हणून शेजारी खरं तिकीट लावलं. खाली शैलाचं नाव लिहिलं आणि नमुन्याच्या कोपऱ्यावर बेताने ठसा मारला. नाकाला धक्का लागला नाही.

"हे काय केलंत?" वकिलांनी कपाळाला हात लावला.

"सवय, साहेब. तिकीट दिसलं की हात थांबत न्हाई," मार्तंड खुशीत म्हणाला.

दुपारी पोस्टमन पुंजारामने दारात हाक मारली, "वैनी, टपाल."

"माझं?" शैलाच्या नावाने आजवर कधी पत्र आलं नव्हतं. तिने पाकीट फोडलं. आत काहीच नव्हतं.

"कुणीतरी रिकामंच धाडलं की," पुंजाराम म्हणाला.

शैलाने पाकीट उलटून बघितलं. मग पदराने अलगद तिकीट पुसलं.

"रिकामं न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "आमचे बापू आल्ते."