साबणावरची फिल्म

धाकटीने साबणाची वडी प्लॅस्टिक फिल्मच्या घडीत सरकवली आणि सीलरचा दांडा दाबला. तापलेल्या तारेने फिल्म कापली गेली, कडेला चिकटली आणि धुराची एक रेघ वर आली. फिल्मवाल्याने पटकन रुमाल नाकाशी नेला.

"ही पीव्हीसी," तो म्हणाला. "स्वस्त आहे, आणि आकसतेही छान."

गरम हवा लागताच फिल्म वडीला घट्ट बिलगली. मग दुसरा रोल, पॉलिओलेफिनचा. ही थोडी महाग, पण हाताला मऊ. हिचा धूर जवळजवळ नाहीच.

मोठी जाऊ दोन्ही वड्या उजेडात फिरवून बघत होती. साबणांचा हा उद्योग तिनेच मागच्या खोलीत उभा केला होता. कुठल्या साबणात कोणतं सुगंधी तेल किती, हे तिचं नाक ठरवी, आणि त्या नाकाचा घरात दरारा होता.

"पहिली पुन्हा करून दाखव बघू."

धाकटीने दांडा दाबला. जाऊ धुरावर पार वाकली आणि तिने खोल श्वास घेतला.

"छे! कसलाच वास नाही. दोन्ही एकाच माळेचे मणी. स्वस्तातली घेऊन टाकू."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, घसा चुरचुरत होता. गेल्या महिन्यात तीन गिऱ्हाइकांनी सांगितलं होतं, साबण चांगला आहे, पण सुगंध डोक्यात जातो. जाऊने ते हसण्यावारी नेलं होतं.

"अहो बाई, वास तर..." फिल्मवाल्याने तोंड उघडलं.

"वासाचं राहू द्या," धाकटीने त्याला तिथेच थांबवलं. "ताई, हा कोपरा दाबा."

जाऊने अंगठा रोवला. पीव्हीसी टचकन चिरली. पॉलिओलेफिन नुसती ताणली गेली.

"खोक्यात वड्या एकमेकींवर आदळणार. हीच घ्यायची."

जाऊने तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"बरं. हीच."

फिल्मवाला रोल ठेवून गेल्यावर जाऊने कपाटातून तेलाच्या बाटल्या काढल्या आणि धाकटीसमोर मांडल्या.

"कधी कळलं तुला?"

"आत्ताच."

"मला मागच्या सर्दीपासून. म्हटलं, वास येईल परत." तिने ड्रॉपर उचलला, साबणाच्या पातेल्यात थेंब सोडले, ढवळलं आणि पातेलं पुढे सरकवलं. "घे. मोठी जाऊ म्हणून भीड धरू नकोस."

धाकटीने वास घेतला.

"तीन थेंब जास्त झालेत."

"तीन? दोन असतील."

"तीन," धाकटी म्हणाली.