प्रभाची मतं

"ही पण प्रभाकाकूंची," हेमलताने मतपत्रिका पुढे सरकवली. "एक नंबर काकू. खाली कुणीच नाही, काका."

भालचंद्ररावांनी ती डावीकडच्या ढिगावर ठेवली. दिल्लीत सरोजिनी नगरच्या त्या मराठी मंडळात अध्यक्ष पसंतीक्रमाने निवडायची पद्धत संसदेत नोकरी केलेल्या जुन्या मंडळींनी घातलेली. ती नीट उमजणारे आता भालचंद्ररावच उरले होते. यंदा बायको उभी, म्हणून त्यांनी मोजणीला नकार दिला होता. मतपत्रिका छापून झाल्या आणि प्रभा गेली. मग ती हरकतही राहिली नाही.

मंडळाच्या हॉलमध्ये प्रभा नोकरदार बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवायची. तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या विलासला तिथे कोचिंग क्लास आणायचा होता. अंथरुणाला खिळल्यावर प्रभाने पाळणाघरात हाताशी असलेल्या अलकालाही उभं केलं आणि नवऱ्याला बजावलं, "मी नसले तर माझी मतं अलकाला जायला हवीत. सगळ्यांना सांगा, तिला दोन नंबर टाका."

सांगितलं त्यांनी. पण सुतकातल्या माणसाचं लोक मान हलवून ऐकतात आणि सोडून देतात. स्वतः अलकापुढे दोनचा आकडा घालणं त्यांनाही जड गेलं होतं.

गेलेल्या उमेदवाराचं नाव आधी बाद. तिची मतं दुसऱ्या पसंतीला जायची; दुसरी पसंतीच नसेल, तर मत तिथेच संपलं. डावीकडचा ढीग वाढतच गेला. कागदावर तो एकटा एक, बाकी सगळं कोरं. प्रभा पाठीमागे उभी राहून बघतेय असं त्यांना वाटू लागलं, आणि वळून पाहायची काही छाती होईना. कसलं मेलं हे प्रेम! त्यांना लोकांचा भयंकर राग आला.

विलास अलकापेक्षा चार मतांनी जिंकला. संपलेल्या मतांचा ढीग त्याहून कितीतरी मोठा होता.

बाहेर शेजारचे श्रीरंग डोळे पुसत पुढे आले. "काका, बिल्कुल खरं सांगतो, आमच्या घरात कुणी दुसऱ्या नावापुढे आकडाच टाकला नाही. प्रभाकाकूंची जागा आम्ही कुणाला कशी देणार?"

भालचंद्ररावांच्या जिभेवर नाही नाही ते आलं. त्यांनी हात जोडले.

"बरं वाटलं असतं तिला," ते म्हणाले.

मागून विलास आला. माणूस तसा वाईट नव्हता. "काका, घाई नाही हं, पण पाळणाघराची किल्ली... चलो, उद्या दिलीत तरी चालेल."

किल्ली प्रभाच्या पर्समध्ये होती. ती गेल्यापासून त्या पर्सची चेन कुणी उघडली नव्हती.