मारव्यातला दुसरा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. कॅसेट म्हणजे काय, ते आई-बाबांना विचारा. माझी फीत आता कधी तुटेल याचा नेम नाही, तेव्हा मी आपली गोष्टच सांगून टाकते.

कारखान्यातून मी कोरीच बाहेर पडले. मला आवाज मिळाला तो भोकरदनच्या एका शाळेच्या सभागृहात. जालन्याचे गवई अप्पाराव तिथे मारवा राग गायले आणि मी तो जसाच्या तसा टिपला. म्हणजे सगळंच टिपलं: लोकांची वाहवा, पंख्याची घरघर आणि अप्पारावांच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या एका तरुणाचा हळू आवाज. अप्पारावांचं वय झालं होतं. लांब सूर धरताना त्यांचा श्वास संपायचा. तेव्हा मागचा आवाज तोच सूर अलगद उचलून धरायचा आणि ते परत आले की गुपचूप मागे सरायचा.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. अप्पारावांच्या घरी पाहुणे आले की मी वाजायचे. पुढे अप्पाराव गेले, मला वाजवणारा डेक बिघडला आणि माझी रवानगी कपाटात, डांबरगोळ्यांच्या शेजारी झाली. पोटात एवढं गाणं घेऊन मी अंधारात पडून राहिले. फार एकटं वाटायचं. कपाटाचं दार वाजलं की आशा वाटायची, पण बाहेर निघायची ती एखादी साडी.

यंदा माझ्यावर हात पडला तो अप्पारावांच्या नातीचा, अर्पिताचा. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावरच्या खोलीत ती जुन्या रेकॉर्डिंगची साफसफाई करते. तिने माझे स्क्रू काढले, फितीवरची बुरशी पुसली आणि माझं गाणं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलं. मग एडिटिंग सुरू झालं. खरखर गेली, घरघर गेली. मागे कुणी श्रोता गुणगुणतोय असं वाटून तिने तो दुसरा आवाजही काढून टाकला. मला ओरडावंसं वाटलं, पण डेकमध्ये घातल्याशिवाय मला कुठे बोलता येतं?

शेवटी राहिलं मास्टरिंग, म्हणजे आवाजाचा चढउतार नीट बसवून गाणं लोकांपुढे सोडायला तयार करणं. त्याआधी तिने आजोबांचे शिष्य धम्मपाल सर यांना ऐकायला बोलावलं. सर टेंभुर्णीहून कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. चहा घेताना त्यांनी सांगितलं की, घशाच्या ऑपरेशनपासून त्यांचं गाणं सुटलं. मी त्यांना तेव्हाच ओळखलं. त्यांचा गाता आवाज जगात माझ्याशिवाय कुणाकडेच नव्हता आणि तोच ऐकायला ते आले होते.

मारवा सुरू झाला. सरांचा चेहरा फुलला. लांब सूर आला, अप्पारावांचा श्वास तुटला आणि पुढे नुसता तंबोरा. सरांचा चेहरा उतरला.

“हे असं बाहेर नको सोडू, पोरी. गुरुजींचा दम उघडा पडून राह्यला.”

“पण आजोबा असेच गायलेत, सर. मी फक्त मागचं गुणगुणणं काढलं.”

“गुणगुणणं न्हाई ते. तिथं मी होतो. मागं तंबोरा घेऊन बसल्तो.”

अर्पिता गोरीमोरी झाली. तिने मला पुन्हा डेकमध्ये घातलं. मी जीव ओतून वाजले. सूर आला, श्वास संपला आणि तिथून तरुण धम्मपाल वर आला. सरांनी डोळे मिटून घेतले.

“हा आवाज परत घालते, सर. आणि आजोबांच्या खाली तुमचं नाव लिहिते.”

“लिही. बराबर लिही.” सरांनी डोळे उघडले. “आमची बायको, संध्या, म्हणायची, तुम्ही खरंच गायचे का हो? मला ऐकवा की एकदा. मी म्हणायचो, आणतो कॅसेट गुरुजींच्या घरून. मागायचा संकोच वाटायचा. राहूनच गेलं.”

“मग आता ऐकवा ना! कॉपी देते मी.”

“दिवाळीच्या आधी गेली ती.”

अर्पिताने तरीही पेनड्राइव्ह दिला. तो वरच्या खिशात ठेवून सर टेंभुर्णीच्या गाडीला निघून गेले.

मित्रांनो, आवाज मी सांभाळला. तेवढंच माझ्या हातात होतं. तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी पडून असेल, तर तिला आजच बाहेर काढा. जिला ऐकवायचं ती घरात आहे, तोवर ऐकवा.