ओढ्याकाठचं रान

रतनबाईने तोंडाला पदर बांधला, सुपातला विरलेला चुना मुठीत घेतला आणि वाऱ्याकडे पाठ करून ओलसर काळ्या ढेकळांवर फेकला. बांधावर तिचा थोरला भाऊ सावळाराम उभा होता. त्याला हसू आवरत नव्हतं.

“काळ्या आईला पांढरी करतीस व्हय गं? समदं जळंल.”

“जळू दे. न्हाईतरी काय पिकतंय हितं?”

खोटं नव्हतं ते. नवऱ्याने दुसरी केली आणि रतनबाई कुरुळीला माहेरी आली, तेव्हा सावळारामाने ओढ्याकाठचा हा तुकडा तिला चोळीबांगडीसाठी म्हणून तोंडी देऊन टाकला. चारचौघांत दिला, म्हणजे नावही झालं. तिथे बारा महिने पाणी मुरतं, कुजक्या पाल्याचा थर गुडघाभर आहे आणि मका वीतभर वाढून पिवळा पडतो, हे त्या चारचौघांना ठाऊक होतं. पण देणाऱ्याला कोण बोलणार? पिकलं तर रतनबाई स्वतःची चूल मांडणार होती. नाही पिकलं तर जन्मभर वहिनीच्या हाताकडे बघणं आलं.

आधी तिने गावाचं ऐकलं. आमच्याकडे जमिनीच्या कुठल्याही दुखण्यावर औषध एकच, शेणखत. तिने पाट्याच्या पाट्या वाहिल्या. आधीच आंबलेल्या रानात आणखी कुजणारं पडलं आणि मका आणखी पिवळा झाला.

मग एकदा चाकणचे चुनाभट्टीवाले मीरासाहेब पिंपरीच्या बांधकामावर चुना टाकून परतताना बैलांना पाणी पाजायला ओढ्यावर थांबले. साचल्या पाण्यावरचा तांबूस तवंग त्यांनी पाहिला, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

“खत पुरे आता, बाई. जमीन आंबलीय तुझी. आधी चर खणून पाणी काढ, मग चुना टाक. भट्टीतली भुकटी पाहिजे तेवढी ने. मी तर फेकूनच देतो.”

“आन् तुमास्नी काय द्यायचं, चाचा?”

“मका आला तर माझ्या बैलांना वैरण दे. नाही आला तर मला शिव्या दे.”

तिने चर खणला. तळहाताला फोड आले, त्यात चुना झोंबला. चुलीतली राखही ती रानात नेऊ लागली, तेव्हा वहिनी भांडी कशाने घासू म्हणून भांडली. पाऊस पडल्यावर रतनबाईने मका पेरला.

भाद्रपदात तो पुरुषभर उंच, हिरवागार उभा राहिला आणि रतनबाईला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली. तोंडी दिलेलं तोंडीच परत घेता येतं.

सावळाराम एका सकाळी आला. सगळ्या रानाला फेरी मारून झाल्यावर तो बांधावर टेकला.

“लई झ्याक आलाय मका.”

“व्हय, दादा.”

“हे रान आता मलाच लागंल, रतने. पोरं वाढायला लागली. तुला दुसरीकडं कुठंतरी बगू.”

रतनबाईने वाकून पायाशी पडलेलं ढेकूळ मुठीत कुस्करलं.

“घे की. तुझंच हाय. पर मला दुसरं दे ते आसंच दे. आंबलेलं, पानथळ. मी करीन पुन्यांदा.”

सावळारामाने माळाकडे पाहिलं, मग ओढ्याकडे.

“तसं दुसरं न्हाई माज्याकडं.”

“मग ऱ्हाऊ दे मला हेच,” ती म्हणाली आणि चार कोवळी कणसं मोडून तिने त्याच्यापुढे धरली. “पोरास्नी भाजून दे.”

सावळारामाने खांद्यावरचं उपरणं काढून पुढे पसरलं.