साहेबांच्या केबिनमधली घंटा

ऑपरेटर बाईंची वीस वर्षं एकच थाप मारण्यात गेली होती, "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

मग ऑफिसात इंटरनेटवरचे फोन आले. ते बसवणाऱ्याने प्रत्येक टेबलाला वेगळा नंबर दिला आणि आपला फोन दुसऱ्याकडे कसा वळवायचा तेही शिकवलं. झालं! दुपारपर्यंत यच्चयावत कारकुनांनी आपापले फोन बाईंकडे वळवले. बाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी आपला फोन सरळ साहेबांकडे वळवला आणि निवांत डबा उघडला.

केबिनमध्ये घंटा वाजली, वाजतच राहिली. शेवटी साहेबांनी भलतंच बटण दाबलं आणि स्पीकर सुरू झाला.

"साहेबांना द्या!" पलीकडून कोणीतरी खेकसलं.

साहेब चाचरत म्हणाले, "साहेब... मीटिंगमध्ये आहेत."