सोमेशच्या हार्ड डिस्क

टेंभुर्णीच्या फाट्यावर झालेल्या अपघातात सोमेश गेला आणि सोलापुरातला त्याचा फोटो स्टुडिओ बायकोच्या, पायलच्या, अंगावर पडला. आजवर केलेल्या लग्नांच्या शूटिंगचा सगळा साठा आतल्या खोलीत होता. एक लहानसा सर्व्हर आणि त्याला एकाच यूएसबी हबमधून जोडलेल्या चार हार्ड डिस्क. दोन डिस्क एकदम चालू झाल्या की हबला वीज पुरायची नाही आणि एखादी मध्येच गायब व्हायची. हे एकदा नीट जोडून घेतलं पाहिजे, असं सोमेश नेहमी म्हणायचा. ते राहूनच गेलं.

त्याचा मित्र इंद्रजीत ते काम करायला आला. यूएसबीऐवजी ई-साटाची वायर लावू, म्हणाला. वेग चांगला मिळतो, डिस्क सुटत नाही. पायलला ते पटलंही होतं. तेवढ्यात माढ्याहून आबासाहेब आले. त्यांची लेक आरोही बाळंतपणात गेली होती आणि सोमेशने शूट केलेल्या तिच्या लग्नाचा पेनड्राइव्ह घरी खराब झाला होता.

"तिची आई म्हणतीया, एकदा तिला चालताना बघू द्या," ते म्हणाले. "फोटोत ती चालत न्हाय की."

ई-साटाची डिस्क यांच्या टीव्हीला लागेल का, असं पायलने इंद्रजीतला विचारलं. लागणार नव्हती.

"मग यूएसबीच राहू दे," ती म्हणाली. "उद्या मी नसले तरी कुणालाही उघडता आलं पाहिजे."

इंद्रजीतने हब काढून टाकला, प्रत्येक डिस्क सर्व्हरला थेट जोडली आणि तिला वेगळी वीज दिली.

आरोहीचं फोल्डर सापडलं, पण अक्षता, सप्तपदी, पाठवणी, काहीच उघडेना. कधीतरी कॉपी होताना डिस्क सुटली असणार. फक्त हळद शाबूत होती. हे सांगताना पायलची मान वर होईना.

"हळद तर हळद," आबासाहेब म्हणाले. "लावा."

पिवळ्या तोंडाची आरोही हसत हसत मांडवातून अंगणात आली. कॅमेऱ्यामागून आवाज आला, "ताई, वडिलांकडं बघा. आबासाहेब, जरा हसा की."

पायलने टेबलाची कड घट्ट धरली. सगळ्यांचं शूटिंग करणाऱ्या सोमेशचं स्वतःचं शूटिंग घरात कुठेच नव्हतं.

"तुमचे मालक?" आबासाहेबांनी विचारलं. तिने मान डोलावली. ते उठले आणि आपली खुर्ची त्यांनी तिच्याकडे सरकवली.

"बसा. आणखी एकदा लावा."

दोघांनी ते पुन्हा पाहिलं. मग पायलने हळद एका वेगळ्या डिस्कवर उतरवून दिली आणि टीव्हीला ती कुठं लावायची ते समजावून सांगितलं. आबासाहेबांनी डिस्क टॉवेलात गुंडाळली आणि ते स्टँडकडे निघाले.

इंद्रजीत जेवायला बोलवायला आला, तेव्हा पायल परक्यांची लग्नं एकेक करून उघडत होती. पडद्याकडे तिचं लक्ष नव्हतं. डोळे मिटून ती नुसती ऐकत होती.